तिजोरी मोजणार कोण?

मुंबईतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रभादेवी येथील मुख्यालयात १२ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. पुस्तकात दाखवलेली रोकड तिजोरीत प्रत्यक्षात आहे की नाही, हे त्यांनी पाहिले. ती नव्हती. प्रभादेवी व गोरेगाव येथील तिजोऱ्यांच्या हिशेबात १२२ कोटी रुपयांची तूट निघाली. दुसऱ्याच दिवशी बँकेवर निर्बंध आले, १४ फेब्रुवारीला संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक नेमला गेला आणि शाखांच्या बंद दारांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या. त्या रांगांत निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे होती, मुलांचे शुल्क भरण्यासाठी पैसे काढायला आलेले पालक होते. बँकेचा महाव्यवस्थापक आणि लेखाविभागाचा प्रमुख असलेल्या अधिकाऱ्याला पोलिसांनी अटक केली. फिर्यादीत २०२० ते २०२५ असा काळ नमूद होता. पुढे आणखी काही जणांना अटक झाली. त्यांच्यापैकी दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे : इतकी वर्षे ती तिजोरी कोणीच कशी मोजली नाही?

या रकमेचे आकारमान डोळ्यांपुढे आणून पाहावे. १२२ कोटी रुपये सगळे पाचशेच्या नोटांत धरले, तरी चोवीस लाख चाळीस हजार नोटा होतात; म्हणजे शंभर-शंभरच्या २४,४०० गड्ड्या. एका नोटेचे वजन एक ग्रॅमहून थोडे अधिक धरले, तर हा ढीग अडीच टनांच्या पुढे जातो. प्रभादेवीच्या तिजोरीत जेमतेम १० कोटी रुपये मावतात, असे आर्थिक गुन्हे शाखेच्या तपासात पुढे आले. पुस्तकात मात्र शंभर कोटींहून अधिक रोकड दाखवलेली होती. म्हणजे नोटा मोजण्याचीही गरज नव्हती. तिजोरीच्या दारात उभे राहून आत नजर टाकली असती, तरी पुरे होते. या काळात बँकेचे लेखापरीक्षण झाले नव्हते असे नाही. ते झाले, अहवाल लिहिले गेले, त्यांवर सह्या झाल्या. पुढे त्या लेखापरीक्षकांनाही तपास अधिकाऱ्यांपुढे बसावे लागले.

नोकराने मालकाच्या, अधिकाऱ्याने संस्थेच्या पैशाचा अपहार करणे हा प्रकार निघाला, की आपण फार गुंतागुंतीच्या कारस्थानाची कल्पना करतो. प्रत्यक्षात अशी बहुतेक प्रकरणे हुशारीवर चालत नाहीत. ती दुसऱ्या कोणी न पाहण्यावर चालतात. त्यामुळे ती उघडकीस येण्याचा क्षणही बहुधा एकाच प्रकारचा असतो. नेहमीच्या डोळ्यांऐवजी दुसरे डोळे त्या कागदावर पडतात, आणि मग पत्त्यांचा बंगला कोसळायला एक दुपार पुरते.

पंजाब नॅशनल बँकेचे २०१८ चे प्रकरण नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी या नावांनी ओळखले जाते. पण ते उघडकीस कसे आले, याची आठवण फार थोड्यांना असेल. मुंबईच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस शाखेत परकीय चलन विभागाच्या एकाच टेबलावर एक उपव्यवस्थापक २०१० पासून २०१७ पर्यंत बसून होता. बँकांत संवेदनशील जागेवरचा माणूस साधारण तीन वर्षांत हलवावा असा संकेत. हा सात वर्षे हलला नाही. मे २०१७ अखेर तो निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये मोदी यांच्या कंपन्यांचे लोक नेहमीप्रमाणे हमीपत्रे मागायला आले, तेव्हा त्या टेबलावरच्या नव्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे शंभर टक्के रोख तारण मागितले. ‘आजवर आम्हाला कधी मागितले नव्हते’, असे उत्तर आले. त्या उत्तराने अधिकारी सावध झाले आणि जुन्या नोंदी शोधल्या, तर नोंदीच नव्हत्या. १४ फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता. पुढे तो १३ हजार कोटींच्या वर गेला.

नोंदी नव्हत्या, कारण परदेशी बँकांना संदेश पाठवणारी ‘स्विफ्ट’ ही यंत्रणा आणि बँकेची अंतर्गत कोअर बँकिंग प्रणाली या दोहोंत जोडणी नव्हती. हमीपत्राचा संदेश एका यंत्रावरून परदेशी जाई. त्याच्या भरवशावर तेथील शाखा कर्ज देत, आणि बँकेच्या स्वतःच्या पुस्तकात त्याचा मागमूस नसे. जुन्या हमीपत्राची मुदत भरली, की नवे काढून त्यातून ते फेडायचे. वास्तविक स्विफ्टचा संदेश तयार करणारा एक, तपासणारा दुसरा आणि मान्यता देणारा तिसरा अशी रचना असते. पण संकेतशब्द एकमेकांकडे गेले, की तीन माणसांचा एकच माणूस होतो. या यंत्रणेच्या गैरवापराबद्दल आपण ऑगस्ट २०१६ पासून तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. सावध केले होते हे खरे. पण कोणी ऐकले की नाही, हे सात वर्षांत त्या शाखेत जाऊन पाहिले कोणी? मार्च २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्विफ्टविषयक सूचना न पाळल्याबद्दल या बँकेला २ कोटी रुपये दंड केला. तेरा हजार कोटींपुढे दोन कोटी, या गुणोत्तरावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण अशा वेळी हमखास वापरतो. ती वापरून झाली, की विषय माणसाच्या नीतिमत्तेकडे वळतो आणि तेथेच संपतो. कौटिल्य याबाबतीत अधिक व्यवहारी होता. ‘अर्थशास्त्रा’त त्याने राजकोशातील अपहाराचे चाळीस प्रकार नोंदवले आहेत, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच प्रकरणांच्या आसपास त्याने दिलेली आणखी एक सूचना मात्र क्वचितच उद्धृत होते. प्रत्येक खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत आणि ते कायम त्याच जागी नसावेत, असे तो सांगतो. अधिकारी चांगला की वाईट, हे ओळखण्याच्या भानगडीत तो पडत नाही. ते ओळखता येत नाही हेच गृहीत धरून तो व्यवस्था मांडतो.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ मध्ये काढलेले परिपत्रक याच जातकुळीचे आहे. संवेदनशील जागेवरच्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, आणि तेही आधी न कळवता, असे त्यात म्हटले आहे. या दिवसांत त्याला कार्यालयात येता येणार नाही आणि संगणकावरूनही कामाला हात लावता येणार नाही. अपवाद सर्वांना खुल्या असणाऱ्या अंतर्गत ई-मेलचा. यामागचा विचार साधा आहे. चालू अपहाराला रोज खतपाणी घालावे लागते. आजची तूट उद्याच्या भरण्याने झाकायची, उद्याची परवाच्या. दहा दिवस हात निघाला, की झाकण उघडे पडते. फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेत जेरोम केर्व्हिएल या तरुण दलालाने केलेले अनधिकृत सौदे जानेवारी २००८ मध्ये उघड होऊन बँकेला ४.९ अब्ज युरोंचा तोटा झाला, तेव्हा मागे वळून पाहताना ध्यानात आले, की हा माणूस रजा घेणे टाळत होता. सिंगापुरात बेरिंग्ज बँकेचे १९९५ मध्ये दिवाळे वाजवणारा निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांच्या हिशेबाचे कामही त्याच्याच हाताखाली होते. दोन्ही ठिकाणी ‘कामसू’ ही प्रशंसा होती.

आपल्याकडे तर अशा माणसाचा सत्कार होतो. ‘वीस वर्षांत एक दिवस रजा नाही’ हे निवृत्तीच्या समारंभात टाळ्यांच्या गजरात सांगितले जाते. लहान पेढी, दवाखाना, गृहनिर्माण संस्था, शिक्षणसंस्थेचे कार्यालय, तालुक्याची पतसंस्था अशा सर्व ठिकाणी एक जुना, विश्वासू, घरच्यासारखा माणूस असतो. पावती पुस्तक त्याच्याकडे, बँकेत भरणा तो करतो, पासबुक तोच भरून आणतो आणि कीर्द तोच लिहितो. त्याच्यावर संशय घ्यावा असे मुळीच म्हणायचे नाही. असे बहुसंख्य लोक शेवटपर्यंत सचोटीचेच राहतात. पण ही चारही कामे एकाच हाती ठेवणारा मालक आपल्या माणसावर उपकार करत नसतो. घरात आजारपण आले, मुलीचे लग्न ठरले, सट्ट्यात पैसे गेले, आणि किल्ली खिशातच आहे, अशा दिवशी तो त्या माणसाला एकटे सोडत असतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी तुरुंगातील अपहार करणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ मध्ये जे मांडले, ते आजही या विषयाचा पाया समजले जाते. कोणाला सांगता न येणारी आर्थिक अडचण, हाताशी असलेली संधी आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत या तीन गोष्टी एकत्र आल्या, की विश्वासातला माणूस घसरतो. यांपैकी तिसरी सर्वांत विलक्षण. ‘मी चोरी करत नाही, उसने घेतो आहे, पुढच्या महिन्यात परत ठेवीन’ असे तो स्वतःला सांगतो, आणि पहिल्या वेळी ते खरेही असते. त्यामुळेच गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासून नोकरी देण्याच्या पद्धतीचा येथे फारसा उपयोग होत नाही. अपहार-तपासनीसांच्या ‘एसीएफई’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ च्या अहवालात १३८ देशांतील १,९२१ प्रकरणे अभ्यासली. त्यांतील ८७ टक्के लोकांवर पूर्वी अशा गुन्ह्याचा ठपका कधीच आलेला नव्हता.

त्याच अहवालातील दुसरा आकडा कोणत्याही व्यवस्थापकाने भिंतीवर लावावा असा आहे. अपहाराची प्रकरणे उघडकीस आली ती सर्वाधिक, म्हणजे ४३ टक्के, कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे; आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच संस्थेचे कर्मचारी होते. अंतर्गत लेखापरीक्षणाचा वाटा १४ टक्के. बाहेरच्या लेखापरीक्षकांनी पकडलेली प्रकरणे अवघी तीन टक्के. या आकड्यांना मर्यादा आहेत. ही पकडली गेलेली प्रकरणे आहेत, न पकडलेल्यांचा हिशेब कोणाकडेच नसतो. तरीही दिशा स्पष्ट आहे. बाहेरचा लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो, नमुन्यादाखल कागद पाहतो, आणि जे कागद पुढे ठेवले जातात तेच पाहतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस रोज पाहत असतो.

आता, तो पाहतो ते काय? साहित्य खरेदीत एकाच पुरवठादाराची बिले नेमकी मंजुरीच्या मर्यादेच्या आत बसवलेली. पन्नास हजारांपर्यंत अधिकाऱ्याला स्वतः मान्यता देता येत असेल, तर ४९,५०० ची चार बिले एकाच आठवड्यात आलेली. हजेरीपटावर असलेली पण साइटवर कधीच न दिसलेली नावे, ज्यांचा पगार दरमहा नियमित निघतो. दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या प्रतिनिधीच्या वहीत एका खातेदाराचे पैसे दुसऱ्याच्या नावे जमा. याची टोपी त्याला, त्याची टोपी तिसऱ्याला, असा हा खेळ वर्षानुवर्षे चालतो आणि पहिला खातेदार मुदतीआधी ठेव मोडायला आला, की फुटतो. ट्रकच्या डिझेलच्या पावत्यांवर टाकीत मावेल त्याहून अधिक लिटर लिहिलेले. शिवाय पगाराशी न जुळणारे राहणीमान, ज्याची चर्चा उपाहारगृहात चवीने होते पण वर कधी पोहोचत नाही.

यांतील बऱ्याच गोष्टी आता संगणकही शोधतो. पुरवठादारांचे बँक खाते क्रमांक आणि कर्मचाऱ्यांचे खाते क्रमांक एकमेकांशी ताडून पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाने काढलेली नावापुरती फर्म अशाने सापडते. बिलांतील पहिल्या अंकांचे प्रमाणही बोलके असते. नैसर्गिकरीत्या जमलेल्या मोठ्या आकडेवारीत सुमारे ३० टक्के संख्या १ या अंकाने सुरू होतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या पाच टक्क्यांहूनही कमी असतात. बेनफर्डचा नियम म्हणून तो ओळखला जातो. माणूस मनाने आकडे रचतो तेव्हा त्याला हे प्रमाण साधत नाही. अर्थात मंजुरीच्या मर्यादा, ठरावीक भाडी किंवा ठरावीक किमती असतील तेथे नियम लागूच होत नाही, हे न समजता तो वापरणारे सल्लागारही बाजारात पुष्कळ आहेत. संगणक संशयाची जागा दाखवतो. पुढचे काम पायांनी करायचे असते : त्या पत्त्यावर जाऊन तेथे गोदाम आहे की न्हाव्याचे दुकान, हे पाहणे.

खबर देणाऱ्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण खरी अडचण तेथेच आहे. आपल्या कार्यालयांत ज्याला दिसते तो गप्प बसतो, आणि त्याचे कारण भित्रेपणा नव्हे. त्याने पुढच्याचे काय झाले ते पाहिलेले असते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. ते पत्र टेबलामागून टेबल फिरत राहिले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव करून दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करण्याची सोय केली. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली. पण तो अमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही. शिवाय तो सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खासगी क्षेत्रासाठी २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १७७ आहे. त्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, लोकांकडून ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवावी लागते आणि तक्रारदाराचा छळ होणार नाही याची तजवीज करावी लागते. यात न बसणारे लहान कारखाने, व्यापारी पेढ्या आणि न्यास या देशात लाखांनी आहेत.

येथेही कौटिल्याची आठवण होते. अपहाराची खबर देऊन तो सिद्ध करणाऱ्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, आणि खबर देणारा सेवक असेल तर बारावा, असे त्याने लिहिले आहे. त्याच ठिकाणी खोटी खबर देणाऱ्याला शिक्षाही सांगितली आहे. आजच्या संस्थांनी वाटा द्यावा असे नाही. पण निनावी पत्र आले की ‘हे कोणी लिहिले’ याचा शोध आधी सुरू होतो आणि ‘यात लिहिलेले खरे आहे का’ याचा नंतर, ही सवय तरी मोडायला हवी.

संशय बळावल्यावर संस्था जे करतात, ते बहुधा तपासाला मारक ठरते. मालक किंवा वरिष्ठ त्या माणसाला खोलीत बोलावून ओरडतो. माणूस सावध होतो. संध्याकाळपर्यंत संगणकातील फाइली पुसल्या जातात, पावती पुस्तके गहाळ होतात, साथीदारांना फोन जातात. खरा क्रम याच्या अगदी उलटा आहे. प्रथम कागद व नोंदी सुरक्षित करायच्या, मग बँका, पुरवठादार, ग्राहक अशा तिऱ्हाइतांकडून पडताळणी करायची, मग ज्यांचा थेट संबंध नाही अशांशी बोलायचे, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी सर्वांत शेवटी. तोपर्यंत प्रश्न विचारणाऱ्याला निम्मी उत्तरे ठाऊक असली पाहिजेत. संगणकाच्या बाबतीत उतावीळपणा अधिकच महाग पडतो. संशयिताचा संगणक कोणीतरी ‘जरा बघू’ म्हणून उघडतो आणि फाइलींच्या तारखा बदलतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या नोंदीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिची गणिती मुद्रा, नमूद करावी लागते. एक अक्षर बदलले तरी ही मुद्रा बदलते. त्यामुळे आधी तज्ज्ञाकडून संपूर्ण डिस्कची नक्कल करून घ्यायची आणि पाहायचे ते नकलेत, मूळ प्रतीत नव्हे.

त्यानंतर दोन वाटा फुटतात आणि त्यांत गल्लत करून चालत नाही. एक वाट खातेनिहाय चौकशीची : आरोपपत्र, उत्तराची संधी, कागद पाहण्याचा व साक्षीदारांची उलटतपासणी करण्याचा हक्क, निष्पक्ष चौकशी अधिकारी. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मे व त्यानंतर पाऊण वेतन निर्वाहभत्ता म्हणून द्यावे लागते. येथे आरोप ‘अधिक संभवनीय’ ठरला तरी पुरतो. दुसरी वाट फौजदारी खटल्याची, जेथे वाजवी शंकेपलीकडे सिद्धता लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली नोकराने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत, तर लोकसेवक किंवा बँकर यांच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा आहे. फौजदारी खटल्यात सुटला म्हणून नोकरीवर परत घ्यावेच लागते असे नाही. पण चौकशीत एकाच बाजूचे ऐकले म्हणून बडतर्फी रद्द झाल्याची, आणि मागील पगारासह माणूस परत आल्याची उदाहरणे कामगार न्यायालयांत कमी नाहीत.

प्रत्यक्षात पुष्कळ संस्था तिसरीच वाट धरतात. बदनामी नको, ग्राहक बिथरतील, लेखापरीक्षक शेरा मारील, म्हणून माणसाकडून शक्य तितकी रक्कम वसूल करायची, राजीनामा लिहून घ्यायचा आणि वर अनुभवाचा दाखला द्यायचा. त्या दाखल्याच्या जोरावर तो पुढच्या संस्थेत लेखापाल म्हणून रुजू होतो. अशी तडजोड करणारे व्यवस्थापन स्वतःला व्यवहारी समजते. दुसऱ्याच्या घरात साप सोडून दिला, हे त्याच्या लेखी नुकसान नसते. पहिल्या संस्थेतले बाकीचे कर्मचारीही यातून एक धडा घेतात : पकडले गेलो, तर फार तर राजीनामा द्यावा लागेल.

पण चौकशीचा अतिरेक आणि आंधळेपणा यांचीही किंमत असते, आणि ती निरपराध माणूस मोजतो. न्यू इंडिया बँकेत पुस्तकावर विश्वास ठेवून तिजोरी पाहिली गेली नाही. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसने संगणकावर विश्वास ठेवून माणसाचे ऐकले नाही. १९९९ पासून टपाल शाखांत फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसवली गेली आणि गावोगावच्या शाखाचालकांच्या हिशेबात तुटी दिसू लागल्या. पोस्ट ऑफिसने त्यांना चोर ठरवले. सुमारे दीड दशकात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. या शाखाचालकांत भारतीय वंशाचेही अनेक होते, आणि त्यांच्यातील एका महिलेला २०१० मध्ये गरोदर असताना कारावास झाला. मदतीसाठी फोन करणाऱ्या कित्येकांना सांगितले जाई, की अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. तपासणारे, आरोप ठेवणारे आणि खटला चालवणारे एकच होते, आणि तूट खरी आहे का हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते असा निर्वाळा दिला; मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकत्रितपणे रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडील प्रमाणपत्र व हॅश मूल्य हेदेखील एवढेच सांगतात, की न्यायालयात आलेली प्रत मूळ नोंदीबरहुकूम आहे. मूळ नोंद बरोबर होती का, हे त्यातून कळत नाही. ते शोधायला तपास अधिकाऱ्याला पुन्हा तेथेच, गल्ल्यातील नोटा, गोदामातील पोती आणि खातेदाराच्या हातातील पावती यांच्याकडे जावे लागते.

न्यू इंडिया बँकेच्या ठेवीदारांना २७ फेब्रुवारी २०२५ पासून प्रथम २५ हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ब्रिटिश टपाल प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालाचा पहिला भाग त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ८ जुलैला प्रसिद्ध झाला. या प्रकरणाशी निगडित किमान १३ आत्महत्या झाल्या असाव्यात आणि भरपाईस पात्र लोक दहा हजारांच्या घरात आहेत, असे त्यात म्हटले आहे. यांतील कित्येकांनी दागिने विकून, घर गहाण टाकून, आईवडिलांकडून उसने घेऊन संगणकाने दाखवलेली तूट त्या काळात स्वतःच्या खिशातून भरून दिली होती.